हळदीखालचा नंबर

योगिनी मसुरकरांचा कॉम्प्युटर चालू व्हायला अकरा मिनिटं लागायची. घड्याळ लावून कुणी मोजलं नव्हतं. बटण दाबून त्या स्वयंपाकघरात जायच्या, कणीक मळून व्हायची, हात धुऊन व्हायचे, आणि परत येऊन बघावं तर पडद्यावरचं ते निळं कडं अजून फिरतच असायचं. त्यांचे यजमान सुदेशराव एमआयडीसीत रसायनांच्या एका कंपनीत होते. शिफ्टला निघता निघता ते म्हणायचे की आमचा बॉयलरसुद्धा एवढे नखरे करत नाही. योगिनीताईंना त्याचं काही वाटत नसे. ज्याच्या जिवावर संसाराला हातभार लागला, त्याचे अकरा मिनिटांचे नखरे काय घेऊन बसायचं, असा त्यांचा हिशेब होता.

डोंबिवली पूर्वेला, ठाकुर्लीच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावरच्या बंद केलेल्या गॅलरीत बसून ही बाई एकोणीस वर्षं लग्नपत्रिका टाइप करत होती. तीसुद्धा शहरी पत्रिका नव्हे. शहरातल्या पत्रिकेत असतं काय? वर, वधू, दोघांचे आईबाप, हॉलचा पत्ता, की संपलं. योगिनीताईंकडे येत त्या काटई-खोणीकडच्या गावांतल्या पत्रिका. त्यात अख्खी भावकी लागते. वर स्वर्गवासी झालेले, त्यांच्याखाली हयात असलेले, मग आजोळ, मग आत्या-मावश्यांची घरं, आणि तळाला आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं म्हणणारी चिल्लीपिल्ली. दीडशे नावांच्या आत पत्रिका आली तर योगिनीताईच विचारायच्या, अहो, कुणी राहिलं का?

आणि नुसती नावं असून भागत नाही, क्रम लागतो. थोरल्या पातीचं, म्हणजे घराण्याच्या थोरल्या शाखेचं, नाव धाकट्या पातीच्या खाली गेलं की झालंच कल्याण. धाकू पाटलांच्या धाकट्या मुलाच्या लग्नात नेमकं तेच झालं होतं. पत्रिका दुसरीकडून घाईघाईत छापून घेतलेली, दोन ओळी खालीवर झाल्या, आणि निम्मी भावकी मांडवाकडे न फिरकता घरीच जेवली. धाकू पाटील सत्तरीचे गृहस्थ. तो घास त्यांच्या घशात सात वर्षं अडकलेला होता. म्हणून नातीचं लग्न ठरल्यावर त्यांनी काय करावं? भावकीतली अकरा म्हातारी माणसं दोन गाड्यांत घालून थेट योगिनीताईंच्या घरी आणली आणि कॉम्प्युटरभोवती बसवली. दोन तास बैठक चालली. तीनदा चहा झाला, एकदा दोघं उठून जिन्यापर्यंत गेले, त्यांना सुदेशरावांनी परत आणलं. शेवटी एकशे चौसष्ट नावं, ज्याच्या त्याच्या जागी, अकराही जणांच्या तोंडून होकार घेऊन लागली. धाकू पाटील उठले आणि म्हणाले, "आता ह्याला हात लावायचा नाय बाई. देव खाली आला तरी नाय."

योगिनीताईंनी फाईल सेव्ह केली. छापील प्रूफ गुरुवारी न्यायचं ठरलं.

हा झाला शनिवार. रविवारी त्यांची लेक रुचिता आली. ती ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत नोकरीला, लग्न होऊन तिकडेच राहणारी. पोर मायाळू, पण आईचा तो कॉम्प्युटर बघितला की तिचं डोकं फिरायचं. नवीन घेऊ या, असं तिने पन्नासदा सांगून पाहिलं होतं. पण योगिनीताईंचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम जुन्या विंडोजवरच चालणारा, ज्यांनी विकला त्यांनी दुकान बंद करून जमाना झालेला. नवीन डब्यावर तो बसणार नव्हता, आणि त्याच्याशिवाय एकोणीस वर्षांतली एकही फाईल उघडणार नव्हती. म्हणून रुचिताने मधला मार्ग काढला. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकायची, म्हणजे डबा तोच आणि वेग नवा. विचार सोळा आणे बरोबर होता. चूक झाली ती नंबर वाचताना, आणि त्या चुकीची मुळं घरच्या देवपूजेत होती.

झालं होतं असं, की योगिनीताई दर दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा करायच्या. ओल्या फडक्याने डबा पुसायचा, पाच बोटं हळद, पाच बोटं कुंकू, वर अक्षता, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. आता हळदकुंकू लावायचं कुठे? डब्याच्या दर्शनी बाजूला वर एक चंदेरी चिकटपट्टी होती. कॉम्प्युटरला कपाळ असलंच तर ते तेच, असं त्यांना पहिल्या वर्षी वाटलं आणि मग तीच रीत पडली. त्या पट्टीवर मॉडेलचा नंबर असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. दहा-बारा दसऱ्यांची हळद आणि दहा-बारा वेळचं ओलं फडकं, त्यात नंबर अर्धा झिजला, अर्धा रंगला. रुचिताने मागच्या खेपेला मोबाईलच्या उजेडात तो वाचला आणि चार दोन आठ शून्य असा टिपून घेतला. इंटरनेटवर त्या नंबरला कुठली एसएसडी चालते ते बघितलं, आणि आईसाठी घ्यायचं तर भारीतलंच म्हणून च्युइंगगमच्या कांडीएवढी ती लांबट पट्टी मागवली. एक टीबीची. योगिनीताईंच्या सगळ्या पत्रिका, भावकीसकट, तिच्या कोपऱ्यातही मावल्या नसत्या.

रविवारी दुपारी तिने व्हिडिओ समोर ठेवून डबा उघडला. व्हिडिओतल्या डब्यात त्या पट्टीसाठी खाच होती, आईच्या डब्यात नव्हती. रुचिताने वायरी बाजूला करून शोधलं, खाली वाकून शोधलं, हार्ड डिस्कची केबल काढून तिच्या मागेही बघितलं. मग कंटाळून सगळं होतं तसं लावलं, झाकण बंद केलं, पुढच्या रविवारी बघू म्हणाली आणि संध्याकाळी घरी गेली.

सोमवारी सकाळी योगिनीताईंनी बटण दाबलं, कणीक मळली, हात धुतले. परत येऊन बघतात तर काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. डिस्क सापडत नाही, एवढं त्यांना वाचता आलं. त्यांनी बंद करून परत लावलं. तीच अक्षरं.

तिथल्या तिथे स्टुलावर बसून त्यांनी एक वही ओढली आणि आठवतील तशी नावं लिहायला घेतली. एकतीसपर्यंत आली. बत्तिसाव्या जागी नाना आधी की बाळाराम आधी, हे काही केल्या आठवेना, आणि बैठकीतले ते दोघं उठून गेले होते ते याच जागेवरून. छापलेलं कुठे नव्हतं, पेनड्राइव्हवर घेतलेलं नव्हतं. ती अकरा माणसं पुन्हा एकत्र आणायची म्हणजे सात वर्षांचं भांडण पुन्हा उकरायचं. सात वर्षांनी जुळलेली माणसं आपल्या गॅलरीत तुटणार, या विचाराने त्यांना दरदरून घाम फुटला. धाकू पाटलांना फोन करायला त्यांनी तीनदा मोबाईल उचलला आणि तीनदा ठेवला. चौथ्यांदा केला तो प्रेसवाल्या तानाजीला.

तानाजी त्यांच्या पत्रिका छापायचा. तो म्हणाला, "चोळे गावात साईनाथ म्हात्रे आहेत. माणूस तिरसट आहे, सांगून ठेवतो. गिऱ्हाईकाला काम न घेता परत पाठवतो. पण तिकडेच जा."

जुन्या चादरीत गुंडाळलेला डबा मांडीवर घेऊन योगिनीताई रिक्षाने चोळे गावात गेल्या. ठाकुर्लीचं हे जुनं गाव. शेतं गेली, इमारती आल्या, तरी गावकीची मंडळी तिथेच आहेत. सखुबाई निवास नावाच्या चारमजली इमारतीखाली एक गाळा, बाहेर पाटी नाही, आत टेबल, दिवा आणि भिंतभर उघडे पडलेले कॉम्प्युटर. टेबलामागे पंचावन्नच्या आसपासचे साईनाथ म्हात्रे, चष्मा कपाळावर. इमारत त्यांची आणि त्यांच्या भावाची, गणूची. वरच्या भाड्यात दोघांचं उत्तम चालावं. गणू येताजाता म्हणायचा की अरे, जागेचा मालक तू आणि धूळ लोकांच्या डब्यातली खातोस. त्यावर साईनाथ म्हणायचे की भाडं घरबसल्या येतं, माणसं येत नाहीत.

त्यांनी योगिनीताईंना बसायला स्टूल दिलं ते समोर नव्हे, आपल्या शेजारी. ही त्यांची पद्धत होती. गिऱ्हाईकाने डबा ठेवून जायचं नाही, बसून बघायचं, म्हणजे आत काय केलं ते त्याला कळतं. ज्यांना वेळ नसे त्यांना ते दुसरीकडचा पत्ता देत. तिरसट हे नाव पडलं होतं ते यामुळे. बसल्यावर त्यांनी विचारलं, "ह्याच्यातला काय गेला तर रडाल?"

असं कुणी डॉक्टरनेही त्यांना कधी विचारलं नव्हतं. योगिनीताईंनी सगळी हकीकत सांगितली. एकशे चौसष्ट नावं, अकरा माणसं, बत्तिसावी जागा. साईनाथ हसले नाहीत. त्यांनी चादर सोडली, डब्याच्या कपाळावरचं हळदकुंकू बघितलं आणि चष्मा डोळ्यांवर ओढला.

"कुकू तुमी लावता?"

योगिनीताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर दसऱ्याला लावते हो, चुकलं का, असं त्या पुटपुटल्या. बाटलीतलं कसलंसं पाणी कापसावर घेऊन साईनाथांनी ती चंदेरी पट्टी हलक्या हाताने पुसली, बाळाचं तोंड पुसावं तशी, आणि नंबर वाचा म्हणाले. योगिनीताईंनी चष्मा नीट केला. चार दोन तीन शून्य. कुंकवाने तिनाची तोंडं मिटवून त्याचा आठ केला होता.

मग डबा उघडायचा होता. साईनाथ पेचकस शोधू लागले. समोर भिंतीवर खिळ्याला लाकडी मुठीचा एक पेचकस एकटाच टांगलेला होता. योगिनीताईंनी तो दाखवला, तर साईनाथ तो नको म्हणाले आणि खणातून दुसरा काढायला त्यांनी आणखी दोन मिनिटं घालवली. योगिनीताईंच्या मनात आलं, तानाजी म्हणाला ते खोटं नाही.

झाकण निघालं. पंख्याच्या कडेला, धुळीत, तांदळाचे दाणे होते. वरच्या जाळीतून गेलेल्या अक्षता, कितीतरी दसऱ्यांच्या. दुसरा कुणी असता तर फुंकर मारून मोकळा झाला असता. साईनाथांनी चिमटा घेतला आणि एकेक दाणा उचलून कागदावर ठेवला. अर्धा तास गेला असेल. त्या कागदाची पुडी बांधून त्यांनी योगिनीताईंच्या हातात दिली आणि तुळशीत टाका म्हणाले. एवढा कामाचा माणूस, आणि आपल्या अक्षतांसाठी अर्धा तास घालवतो, हे बघून योगिनीताईंचा जीव थोडा खाली पडला. हा आपल्याला बुडवणार नाही, असं त्यांना का कोण जाणे वाटलं.

दोष सापडला तो केबलीत. काढताना तिची पकड तुटली होती. दुसरी केबल लावून साईनाथांनी हार्ड डिस्क आपल्या कॉम्प्युटरला जोडली आणि तिला कान लावला. आतून टिकटिक येत होती. ते म्हणाले की डिस्क आहे, पण म्हातारी झाली आहे. आजचा दिवस चालेल, उद्याचं सांगत नाही. आज एकदाच सगळं नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचं आणि हिला सोडून द्यायचं.

योगिनीताईंनी पिशवीतून रुचिताची पट्टी काढली. साईनाथांनी ती उजेडात धरली, कौतुकाने बघितली आणि न उघडता परत खोक्यात ठेवली. चीज चांगली, पण या घरची नव्हे, असं म्हणून त्यांनी जे सांगितलं ते योगिनीताईंना पहिल्या दमात कळलं. वेग शेवटी बघायचा. आधी बघायचं ती बसते कुठे, मग बोलते कुठल्या तारेतून, आणि मग आपला विंडोज तिला ओळखतो का. या डब्यात पट्टीची खाचच नाही. समजा कशीबशी बसवली असती, तरी एवढ्या जुन्या विंडोजला ती ओळखू आली नसती. याला चपटी, अडीच इंची, साटाची तार लागणारी एसएसडी हवी, जुन्या डिस्कचीच तार तिला लागते.

तेवढ्यात ऑफिसातून रुचिताचा फोन आला. झाला प्रकार ऐकून ती रडकुंडीला आली होती, पण तिच्याही मनात एक होतंच. तिने साईनाथांनाच विचारलं, "काका, पण ती साटावाली पाच-सहा पट स्लो असते ना? आईला मला फास्टवालीच द्यायची होती."

साईनाथ म्हणाले, "पोरी, मानपाडा रोडला कनची पन गाडी आन, सिग्नलला सगल्या सारख्याच. तुझी आय नावा टाइप करते. तिला हीच लय झाली."

रुचिता हसली, आणि पट्टी न उघडता परत पाठवायचं ठरलं.

साईनाथांकडे विकायला काही नसायचं. त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून दिलं: अडीच इंची, साटा, २५६ किंवा वर, वॉरंटी बघणे. त्याखाली एक ओळ होती, दुसरं काही दिलं तर घेऊ नये. योगिनीताई स्टेशनजवळच्या बाजारात गेल्या. दुकानदाराने पुठ्ठा वाचला, आत गेला आणि एक खोका आणून ठेवला. त्यावर साटा असं लिहिलेलं होतं, २५६ होतं, वॉरंटी होती. दुसरी बाई असती तर घेऊन निघाली असती. पण योगिनीताईंचा जन्म प्रूफं वाचण्यात गेलेला. त्यांनी खोका उलटा केला, पुठ्ठ्यावरचा एकेक शब्द खोक्यावर शोधला, आणि अडीच इंची हा काही सापडेना. खोक्यावरचं चित्र रुचिताच्या पट्टीच्या सख्ख्या बहिणीसारखं होतं. दुकानदार म्हणाला की मॅडम, साटाच आहे, बिनधास्त घेऊन जा. योगिनीताई म्हणाल्या, तार साटाची असेल, पण ही बसणार कुठे? दुकानदाराने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि मुकाट्याने चपटी आणून दिली. त्या बाजारातून परत येताना त्यांना स्वतःबद्दल जे वाटलं, ते फार वर्षांत वाटलं नव्हतं.

दुपारी बाराला नव्या डिस्कवर उतरवायला सुरुवात झाली. पडद्यावर टक्के चढू लागले. म्हाताऱ्या डिस्कला घाई करायची नसते, साईनाथ म्हणाले, आणि त्यांनी दोन डबे उघडले, एक स्वतःचा आणि एक गणूच्या बायकोने योगिनीताईंसाठी खाली पाठवलेला. जेवता जेवता बोलणं निघालं. साईनाथांनी लग्न केलं नव्हतं. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, जे बिघडेल ते शिकत गेले. सखुबाई त्यांची आई. तरुणपणी मिठागरावर मीठ ओढायची, पायांना भेगा पडून मीठ चरचरायचं. शिकलेली नव्हती, पण मुलाच्या हत्यारांची दसऱ्याला पूजा करायला ती जिना उतरून यायचीच. हत्यारांना तर लावायचीच, पण गिऱ्हाइकांच्या टीव्हीला, मॉनिटरच्या काचेलाही हळदकुंकू लावून ठेवायची. साईनाथ चिडायचे. लोकांचा माल आहे, पुसून द्यावा लागतो, असं म्हणायचे. ती म्हणायची की लोकांचा आहे म्हणूनच लावते, आपल्या हातून त्यांचं वाईट होऊ नये. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. दसऱ्याला गणूच्या घरचे गाड्यांची पूजा करतात. गाळ्यात कुणी येत नाही, कारण गाळ्यात कुणी आलेलं साईनाथांना चालत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

"सकाली तुमच्या डब्यावर कुकू बगला ना," ते म्हणाले आणि रिकामे डबे झाकायला लागले.

दोन वाजून गेले तेव्हा आकडा एकाहत्तरवर येऊन थांबला. टिकटिक वाढली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, आकडा हलेना. योगिनीताईंनी हातातली अक्षतांची पुडी इतकी घट्ट धरली की कागद ओला झाला. साईनाथांनी गाळ्यातला पंखा बंद केला, टेबलावरचा दिवा बंद केला, जणू आवाजानेही डिस्कला त्रास होईल, आणि दोघं तसेच उकाड्यात बसून राहिले. बावीस मिनिटं. मग एकाहत्तरचे बहात्तर झाले. साईनाथांनी पंखा लावला आणि योगिनीताईंना जाणवलं की आपण केव्हापासून श्वास धरून बसलो आहोत.

साडेचारला सगळं उतरलं. नवी डिस्क छोटी, जुनीची जागा मोठी, म्हणून साईनाथांनी भंगारातल्या पत्र्याची पट्टी कापून तिला बैठक करून दिली. डबा बंद केला, बटण दाबलं. योगिनीताई सवयीने उठल्या. कणीक मळायला निघाल्यासारख्या दोन पावलं गेल्या आणि मागे वळून बघतात तर पडदा लागलेला, त्यांचा नेहमीचा गणपती समोर बसलेला.

"उघडा तुमची फाईल," साईनाथ म्हणाले. "सगली वाचा. मोठ्यानं."

योगिनीताईंनी पहिल्या नावापासून वाचायला घेतलं. स्वर्गवासी वाचले, थोरली पाती वाचली. एकतिसावं नाव आलं. बत्तिसावं बाळारामचं होतं, नाना तेहेतिसाव्या जागी. उरलेली नावं त्यांनी डोळे पुसत पुसत वाचली, आणि साईनाथ एकशे चौसष्टपर्यंत मान खाली घालून ऐकत होते.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "काय गेला तर रडाल, असा इचारलेला. तुमी तं मिलाल्यावर रडल्या."

निघताना त्यांनी केल्या कामाची मजुरी घेतली, वर एक पैसा घेतला नाही. जुन्या डिस्कवर तारीख घालून ती कपाटात ठेवायला दिली, पत्रिका झाली की पेनड्राइव्हवर घ्या म्हणाले, हा डबा नेटला लावू नका म्हणाले. चंदेरी पट्टीवर पारदर्शक टेप चिकटवला आणि तोच नंबर झाकणाच्या आतल्या बाजूलाही लिहून ठेवला. हळदकुंकू लावू नका, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

गुरुवारी धाकू पाटील आले, प्रूफ घेऊन गेले आणि नातीच्या लग्नात दोन्ही पाती एका पंक्तीला जेवल्या. योगिनीताई आणि सुदेशरावही जेवून आले. धाकू पाटलांनी सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले, बाईंनी आमची भावकी सांभाळली म्हणाले. योगिनीताईंना तिथे ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, सांभाळणारा चोळ्यात बसला आहे. पण त्या मांडवात साईनाथांना कोण ओळखत होतं?

हे ऋण त्यांना सलत राहिलं. लाडू नेऊन दिले, ते साईनाथांनी गणूच्या मुलांत वाटले. कार्ड छापून देते म्हणाल्या, तर ज्याला यायचं तो येतोच, असं उत्तर मिळालं. वर्षभरात त्यांनी सहा जणांना त्या गाळ्यात पाठवलं, त्यातल्या दोघांना बसायला वेळ नव्हता म्हणून साईनाथांनी परत पाठवलं आणि ते दोघं योगिनीताईंवर रागावले. आता कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात लागायचा आणि कणीक मळायची राहून जायची. सुदेशराव म्हणायचे की एसएसडीपायी जेवायला उशीर होतो. दर वेळी तो गणपती चटकन पडद्यावर आला की योगिनीताईंना लाकडी मुठीचा तो पेचकस आठवे, आणि का आठवतो ते कळत नसे.

दसरा आला. योगिनीताईंनी घरची पूजा केली. कुंकू टेप सोडून त्याच्या खालच्या बाजूला लावलं, अक्षता जाळीवर न टाकता डब्यापुढे ठेवल्या. मग ताटात पुन्हा हळद घेतली, कुंकू घेतलं, झेंडू घेतला, ताटावर रुमाल टाकला आणि रिक्षा करून त्या चोळ्याला गेल्या.

इमारतीखाली गाड्यांना हार घालून झाले होते. गाळ्यात साईनाथ एकटेच बसलेले होते, टेबल पुसलेलं, दिवा लागलेला. योगिनीताईंनी परवानगी मागितली नाही. मागितली असती तर मिळाली नसती, एवढी त्यांना ओळख झाली होती. त्या म्हणाल्या, "पूजा करायला आलेय."

साईनाथ उठले. खणातून पेचकस काढले, चिमटा, पक्कड, सोल्डरिंगची डागणी, मीटर, सगळं टेबलावर ओळीने मांडलं. योगिनीताईंनी एकेकाला हळदकुंकू लावलं, चिमट्याला जरा जास्त लावलं, अक्षता वाहिल्या. कोपऱ्यात दुरुस्तीला आलेले लोकांचे तीन डबे होते. त्यांच्याकडे त्यांनी बघितलं, तर साईनाथ म्हणाले, "त्यांना पन लावा. नंबर सोडून." मग राहिला भिंतीवरचा लाकडी मुठीचा पेचकस. कुंकवाचं बोट घेऊन त्या तिकडे वळल्या.

"त्याला नको, ताई," साईनाथ म्हणाले. "त्याला लावलेला हाय. आयनं."

योगिनीताईंनी जवळ जाऊन बघितलं. मुठीच्या लाकडावर बोटाएवढा काळपट लाल ठिपका होता, वाळून लाकडातच मुरलेला. त्यांचे डोळे भरून आले. कुंकवाचं बोट त्यांनी पदराला पुसलं, ताटातलं एक झेंडूचं फूल घेऊन त्या खिळ्यावर अडकवलं आणि त्या आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसल्या. साईनाथ दोन चहा सांगायला बाहेर गेले.